एमडी रेडिओलॉजीनंतर अजून एक वर्ष, तेही फक्त लहान मुलांसाठी. कशाला?

साडेपाच वर्षं एमबीबीएस, मग नीट पीजी, मग तीन वर्षं एमडी रेडिओडायग्नोसिस (म्हणजे एक्स-रे, सोनोग्राफी, सीटी, एमआरआय वाचायचं शिक्षण, बोलीत रेडिओलॉजी), मधे बाँड, म्हणजे सक्तीची सरकारी सेवा, लागला तर तो वेगळा, आणि एवढं सगळं करून तिशीला टेकलेला माणूस घरी येऊन सांगतो की आता अजून एक वर्ष फेलोशिप करायचीय, फक्त लहान मुलांच्या रेडिओलॉजीची. माझ्या मावशीने तर तोंडावरच विचारलं होतं, "अरे मशीन तेच, फोटो तोच, पोर लहान एवढाच काय तो फरक ना? मग वर्ष कशाला घालवतोस?" मावशीचं सोडा, कित्येक डॉक्टर मंडळींनाही मनातून असंच वाटत असतं, म्हणून म्हटलं त्या वर्षात शिकवतात तरी काय ते एकदा नीट लिहूनच टाकू.

थोडक्यात उत्तर असं की त्या वर्षात आजार कमी आणि नॉर्मल जास्त शिकतात. ऐकायला विचित्र वाटेल, पण बघा, तिशीतल्या माणसाचा आणि पन्नाशीतल्या माणसाचा छातीचा एक्स-रे शेजारी शेजारी लावला तर फार फरक नसतो, नॉर्मल एकदा डोक्यात बसलं की बसलं. मुलांचं तसं नाही ना. दोन दिवसांचं बाळ, दोन महिन्यांचं, दोन वर्षांचं, बारा वर्षांचं, प्रत्येकाचं नॉर्मल वेगळं. नवजात बाळाच्या मेंदूचा एमआरआय तर मोठ्यांच्या मानाने जवळजवळ उलटा दिसतो, जे पांढरं असायला हवं ते काळं आणि काळं ते पांढरं, कारण मेंदूतल्या तंतूंवर मायलिनचं आवरण अजून चढायचं असतं. ते ठरलेल्या क्रमाने चढत जातं आणि साधारण दोन वर्षांच्या सुमारास चित्र मोठ्यांसारखं दिसायला लागतं. म्हणजे आठ महिन्यांच्या बाळाचा एमआरआय वाचायचा तर आठव्या महिन्यापर्यंत हे आवरण कुठवर पोचलेलं असतं ते डोळ्यांसमोर पाहिजे, नाहीतर चांगल्या बाळाला मेंदूचा आजार लागायचा नाहीतर खरा आजार निसटायचा. एमडीला हे सगळं पुस्तकात असतं, परीक्षेतही विचारतात, पण दिवसभर मोठ्यांच्या किडनी स्टोनच्या सोनोग्राफ्या काढणाऱ्या रेसिडेंटच्या, म्हणजे एमडी शिकणाऱ्या डॉक्टरच्या, नजरेत ते मुरत नाही.

नॉर्मल माहीत नसलं की काय होतं याचं सगळ्यात भयंकर उदाहरण म्हणजे थायमस. छातीच्या मधल्या हाडामागे, हृदयाच्या वरच्या बाजूला ही ग्रंथी असते, बाळपणी चांगली मोठी असते आणि वय वाढेल तशी आटत जाते. बाळाच्या एक्स-रेत ती कधी कधी होडीच्या शिडासारखा त्रिकोण होऊन एका बाजूला डोकावते, आणि ज्याने फार बाळं पाहिलेली नाहीत तो हमखास गाठ किंवा न्यूमोनिया लिहून मोकळा होतो. आता विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काय झालं, अचानक दगावलेल्या बाळांच्या शवविच्छेदनात थायमस मोठी दिसायची, म्हणून डॉक्टरांनी निष्कर्ष काढला की तीच श्वासनलिका दाबते आणि बाळ जातं. खरं तर त्यांची "नॉर्मल" साईजच चुकीची होती, कारण ती दीर्घ आजाराने गेलेल्या मुलांवरून ठरवलेली, आणि आजारपणात थायमस आक्रसते हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. झालं, अमेरिकेत धडधाकट बाळांच्या छातीवर थायमस लहान करायला रेडिएशन द्यायला लागले, काही दशकं हे चाललं, आणि १९५० पासून पुढे लक्षात यायला लागलं की यातल्या काही मुलांना पुढे थायरॉइडचा कॅन्सर होतोय. एका नॉर्मल सावलीचा अर्थ न कळल्याची ही किंमत, आणि ती आपण नाही, त्या पोरांनी मोजली.

आज बाळाच्या छातीत अशी सावली दिसली तर फेलो, म्हणजे ही फेलोशिप करणारा डॉक्टर, काय करतो, सीटीकडे धावत नाही, आधी सोनोग्राफीचा छोटा प्रोब बरगड्यांमधून ठेवतो. थायमस सगळीकडे एकसारखी दिसते, आत बारीक पांढरे ठिपके असतात, मऊ असते, बाळाच्या श्वासाबरोबर तिचा आकार बदलतो आणि बाजूच्या रक्तवाहिन्यांना ती ढकलत किंवा चेपत नाही. पाच मिनिटांत विषय संपला, रेडिएशन शून्य.

या शाखेचा जनक म्हणून ज्याचं नाव घेतात तो न्यूयॉर्कचा जॉन कॅफी हा मुळात बालरोगतज्ज्ञच होता, एक्स-रेकडे तो नंतर वळला. त्याने १९४५ च्या आपल्या पाठ्यपुस्तकात थायमसला रेडिएशन देण्याच्या प्रकाराला स्पष्ट विरोध केला होता. आणि १९४६ मध्ये त्याने सहा बाळांवर एक लेख लिहिला, डोक्यात मेंदूवर रक्त साठलेलं आणि शिवाय हातापायांच्या लांब हाडांना फ्रॅक्चर, काही ताजे काही जुने, आणि घरच्यांना विचारलं तर पडल्याझडल्याची धड हकिगतच नाही. बाळाला कुणीतरी मारहाण करतंय हे एक्स-रेवरून ओळखण्याची सुरुवात तिथून धरतात. १९६२ मध्ये केंप आणि सहकाऱ्यांनी या प्रकाराला नाव देऊन जगासमोर मांडलं, तेव्हा त्या लेखकांमध्येही सिल्व्हरमन हा मुलांचा रेडिओलॉजिस्ट होताच. आजही हा भाग फेलोशिपमध्ये फार गंभीरपणे शिकवतात, पाठीमागच्या बाजूने मोडलेल्या बरगड्या, हाडाच्या टोकाशी कोपऱ्यातून तुटलेला बारीक तुकडा, या खुणा जनरल ओपीडीच्या घाईत दिसतच नाहीत. आणि उलट बाजूही तितकीच महत्त्वाची, हाडं ठिसूळ करणारे आजार असतात, मुडदूस असतो, तिथे आईबापांवर भलता आळ यायला नको. रिपोर्टमधल्या एका शब्दाने घर मोडू शकतं आणि न लिहिलेल्या एका शब्दाने मूल जाऊ शकतं, त्यामुळे असे फोटो दोघांनी मिळून वाचायची पद्धत खूप ठिकाणी आहे.

हाडांचंच अजून एक सांगतो, कारण हे मला स्वतःला फार आवडतं. मुलाच्या कोपराच्या एक्स-रेत सुरुवातीला हाडांची टोकं दिसतच नाहीत, ती कुर्चेची असतात आणि एक्स-रे आरपार जातो. मग वयानुसार एकेका जागी हाडाचा ठिपका उगवत जातो, एकूण सहा ठिकाणी, आणि ढोबळमानाने वर्षं धरायची १, ३, ५, ७, ९, ११. वय थोडं मागेपुढे होतं पण क्रम सहसा मोडत नाही. आता समजा एक मुलगा झाडावरून पडलाय, कोपर सुजलंय, आणि फोटोत सांध्याजवळ एक ठिपका दिसतोय, जागा चौथ्या नंबरच्या ठिपक्याची, पण तिसऱ्या नंबरचा जो आतल्या बाजूला असायला हवा तो गायब. नवखा म्हणेल चौथा उगवलाय, नॉर्मल. तयार माणूस म्हणेल, थांबा, तिसऱ्याआधी चौथा कसा येईल? तो चौथा नाहीच, तिसराच तुटून सांध्यात जाऊन अडकलाय. त्या मुलाला बहुतेक ऑपरेशन लागतं, आणि फोटो "नॉर्मल" म्हणून घरी पाठवला तर हात कायमचा आखडतो. शंका असेल तर दुसऱ्या कोपराचा फोटो काढून शेजारी लावायचा, मुलाच्याच अंगावर दुसरा नॉर्मल नमुना फुकट मिळतो.

इथपर्यंत वाचून वाटेल की हे सगळं अंधाऱ्या खोलीत स्क्रीनसमोर बसून करायचं काम. अजिबात नाही. मोठ्यांच्या रेडिओलॉजीत आता पेशंट न बघता दिवस काढता येतो, मुलांच्या रेडिओलॉजीत ते जमत नाही. आतड्यात आतडं घुसण्याचा जो प्रकार असतो तो घ्या. सात-आठ महिन्यांचं गुटगुटीत बाळ, मधेच पाय पोटाशी घेऊन कळवळून रडतं, मग काही वेळ एकदम मलूल, मग परत तेच, आणि उशीर झाला तर शीतून रक्त आणि शेंब पडायला लागतं. सोनोग्राफीत आडव्या छेदात गोलात गोल अशा रिंगा दिसतात, लहान आतडं मोठ्या आतड्यात दुर्बिणीच्या नळ्यांसारखं सरकून बसलेलं असतं. आणि याचं पहिलं औषध ऑपरेशन नाही, रेडिओलॉजिस्ट आहे.

आधी सलाईन लावून बाळाला सावरतात, पोट फुटल्याची किंवा आत इन्फेक्शन पसरल्याची लक्षणं नाहीत ना ते बघतात, सर्जनला सांगून ठेवतात. मग गुदद्वारातून नळी घालायची, दोन्ही कुल्ले दाबून टेपने बंद करायचे नाहीतर सगळं पाणी बाहेर, आणि साधारण मीटरभर उंचीवर टांगलेल्या बाटलीतून कोमट सलाईन सोडायचं. एका हाताने प्रोब पोटावर. पाणी मोठ्या आतड्यात भरत जातं आणि त्या रिंगा हळूहळू मागे सरकायला लागतात, डाव्या बाजूकडून यकृताच्या खाली, तिथून उजवीकडे खाली, आणि जिथे लहान आतडं मोठ्या आतड्याला मिळतं तिथे येऊन हटकून अडतात. तिथे घाई करायची नाही. प्रेशर धरून ठेवायचं, बाळ रडतंय, बाहेर आजी रडतेय, फेलोच्या कपाळावर घाम, कन्सल्टंट मागे हाताची घडी घालून उभा, आणि मग एका क्षणी झडप उघडते आणि पाणी धो धो लहान आतड्यात शिरतं, स्क्रीनभर आतड्यांची वेटोळी पाण्याने फुललेली दिसतात. बाळ पाचेक मिनिटांत झोपतं, बिचारं थकलेलं असतं. काही ठिकाणी हेच हवेने करतात, एक्स-रेखाली, तिथे प्रेशर १२० मिलिमीटर पाऱ्याच्या वर जाऊ द्यायचं नाही आणि जाड सुई हाताशी ठेवायची, कारण क्वचित आतडं फुटलं तर पोटात कोंडलेली हवा त्याच मिनिटाला काढावी लागते. बहुतेक मुलांचं ऑपरेशन यात टळतं, दहातल्या एखाद्याला ते पुन्हा होतं म्हणून आईला तसं समजावून घरी पाठवतात. आता हे व्हिडिओ बघून कसं शिकणार? कधी थांबायचं, परत एकदा प्रयत्न करायचा की सर्जनकडे सोपवायचं, हे अनुभवी माणूस मागे उभा असतानाच कळतं, आणि अशा केसेस रोज येतील असं हॉस्पिटल लागतं.

उलटीचं तर वेगळंच शास्त्र आहे. तीन-चार आठवड्यांचं बाळ दूध पिऊन लांब फवारा मारतंय, उलटी पांढरी, तर जठराच्या आतड्याकडच्या तोंडाचा स्नायू जाड झालाय का ते सोनोग्राफीत मोजायचं, ३ मिलिमीटरपेक्षा जास्त भरला तर संशय पक्का, पण मोजायला बाळ उजव्या कुशीवर पाहिजे आणि पोटात थोडं दूध किंवा साखरपाणी पाहिजे. मात्र नवजात बाळाची उलटी हिरवी असेल तर सगळी कामं बाजूला, आतड्याला पीळ पडलेला नाही हे सिद्ध होईपर्यंत तो पडलाय असंच धरून चालायचं, कारण काही तासांत आख्खं आतडं जाऊ शकतं. रात्री तीन वाजता फोन आला तरी उठून जायचं. फेलोशिपच्या नाईट कॉल्समध्ये निम्मी भीती या एका रंगाचीच असते.

मग रेडिएशन. मुलांच्या पेशी भराभर वाढत असतात आणि पुढे आख्खं आयुष्य पडलेलं असतं, त्यामुळे तोच डोस मुलाला जास्त नडतो. युरोपातल्या नऊ देशांत मिळून साडेनऊ लाखांच्या आसपास लोक, ज्यांचे लहानपणी किंवा तरुणपणी सीटी झाले होते, त्यांचा अभ्यास २०२३ मध्ये आला, त्यात अंदाज असा निघाला की आजच्या सरासरी डोसने १०,००० मुलांचे सीटी केले तर पुढच्या बारा वर्षांत त्यातल्या एक-दोघांना त्यामुळे रक्ताचा कॅन्सर होईल. हा आकडा वाचून कुणी घाबरून गरजेचा सीटी टाळू नका हं, डोक्याला जबर मार लागलेल्या मुलाचा सीटी न करण्याचा धोका याच्या कैकपट मोठा असतो. पण सर्दीखोकल्याला छातीचा सीटी, पोट दुखलं की पोटाचा सीटी, हे जे चालतं ते थांबायला हवं, यावर माझं मत ठाम आहे. अमेरिकेत २००८ मध्ये इमेज जेंटली नावाची मोहीम सुरू झाली ती याच कारणाने, मुलांचा डोस मुलांच्या मापाचा ठेवा, एकदाच स्कॅन करा, हवा तेवढाच भाग करा. मोठ्यांच्या पोटाचा सीटी दोन-तीन वेळा फिरवून करतात, कॉन्ट्रास्टच्या (शिरेतून देतात त्या औषधाच्या) आधी, नंतर, अजून नंतर. मुलांना बहुतेक वेळा एक फेरी पुरते. आपल्याकडे या मशीनवर नजर ठेवायला एईआरबी, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळ, आहे, लायसन्स वगैरे सगळं तिथून, पण मशीनवर मुलांची सेटिंग्ज लावलीयत का आणि टेक्निशियन ती वापरतोय का हे बघायला शेवटी तिथे बसलेला डॉक्टरच लागतो.

एमआरआयला रेडिएशन नाही पण तिथे दुसरी पंचाईत, अर्धा-पाऊण तास न हलता पडून राहायचं, आणि वर तो ठोकाठोकीचा आवाज. दोन वर्षांचं पोर कसं राहील? मग ट्रायक्लोफॉसचं, म्हणजे झोपेच्या औषधाचं, सिरप, नाहीतर भूलतज्ज्ञ. पण तान्ह्या बाळांना बऱ्याचदा यातलं काहीच लागत नाही, आईने खोलीबाहेर पोटभर पाजायचं, कानात बोळे घालायचे, दुपट्यात घट्ट गुंडाळायचं आणि झोप लागली की हळूच मशीनमध्ये ठेवायचं. आपल्या आज्ज्या जे पिढ्यान्पिढ्या करत आल्या त्याला आता मोठमोठ्या हॉस्पिटलांत रीतसर प्रोटोकॉल आहे. यात अट एकच, शेड्युल बाळाच्या भुकेप्रमाणे लावायचं, मशीनच्या सोयीने नाही, आणि फेलोने आधीच ठरवून ठेवायचं की सगळ्यात महत्त्वाचा सिक्वेन्स, म्हणजे स्कॅनमधला फोटोंचा एक संच, कुठला, तो पहिला घ्यायचा, कारण बाळ कधी उठेल त्याचा नेम नाही.

आता हे शिकायचं कुठे. अमेरिकेत डॉक्टर झाल्यावर एक वर्ष इंटर्नशिप, चार वर्षं रेडिओलॉजी आणि वर एक वर्ष पीडियाट्रिक रेडिओलॉजी फेलोशिप, मग तिथल्या बोर्डाची वेगळी परीक्षा. तिथे मुलांच्या रेडिओलॉजीची सोसायटी १९५८ पासून आहे, युरोपात १९६३ पासून. ब्रिटनमध्ये रेडिओलॉजीचं ट्रेनिंग पाच वर्षांचं, एफआरसीआर ही तिथली रेडिओलॉजीची परीक्षा त्यातच, शेवटी शेवटी मुलांकडे वळता येतं. आपल्याकडचे एमडी झालेले बरेच जण कॅनडाला, टोरंटोच्या सिककिड्स या मुलांच्या हॉस्पिटलला वगैरे फेलोशिपला जातात, कारण तिथे परदेशात शिकलेल्यांना फेलो म्हणून घेतात. अमेरिकेत आधी यूएसएमएलई ही तिथल्या डॉक्टरकीच्या परवान्याची परीक्षा, आणि पुढे तिथल्या बोर्डाचं प्रमाणपत्र हवं असेल तर रेसिडेन्सी परत न करता एकाच संस्थेत चार वर्षं काढायचा एक पर्यायी रस्ता आहे, सोपा नाही पण आहे.

भारतात एमडीनंतर याचं वेगळं ट्रेनिंग देणाऱ्या जागा मोजक्याच. मुलांची मोठी हॉस्पिटलं मात्र आहेत, मुंबईत परळचं वाडिया १९२९ पासून उभं आहे, बाजूला केईएम, पलीकडे टाटा, मुलांच्या केसेसची एवढी गर्दी आणि एवढी विविधता जगात फार कमी ठिकाणी मिळेल. म्हणजे माल भरपूर आहे, शिकवण्याची रीतसर जागा तेवढी कमी. आणि खरी अडचण पुढेच आहे, नोकरीची. तालुक्याच्या गावी एकच रेडिओलॉजिस्ट असतो, तोच गरोदर बायकांच्या सोनोग्राफ्या करतो, तोच किडनी स्टोन, तोच बाळाची टाळू. मोठ्या माणसाला "श्वास धरा" म्हटलं की तो धरतो, बाळाला कोण सांगणार? जेल कोमट करा, खुळखुळा वाजवा, दूध पाजा, परत सुरुवात करा, मोठ्यांच्या दोन-तीन केसेसचा वेळ एका बाळात जातो आणि रेट मात्र तोच, मग धंद्याच्या हिशोबाने कोण या वाटेला जाईल? त्यात सोनोग्राफी मशीन म्हटलं की १९९४ चा पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदान रोखणारा, कायदा आला. तो का आला ते आपल्याला माहीतच आहे आणि तो हवाच, पण त्यामुळे पोर्टेबल मशीन उचलून दुसऱ्या हॉस्पिटलच्या एनआयसीयूमध्ये (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) नेता येत नाही, जे मशीन जिथे नोंदलंय तिथेच वापरायचं, आणि कमी दिवसांच्या बाळाला मशीनपर्यंत हलवणं म्हणजे वेगळीच कसरत.

मला विचाराल तर प्रत्येक गावात मुलांचा वेगळा रेडिओलॉजिस्ट हवा असं मी म्हणणार नाही, परवडणारही नाही. पण एमडीच्या तीन वर्षांत मुलांच्या हॉस्पिटलचं पोस्टिंग नावापुरतं नको, आणि अवघड एक्स-रे किंवा एमआरआय मोठ्या शहरातल्या तयार माणसाला टेलिरेडिओलॉजीवरून दाखवायची सवय लागायला हवी, फोटो पाठवायला आता काही सेकंद लागतात. सोनोग्राफी आणि ते पाण्याने आतडं सोडवणं मात्र दुरून होत नाही, त्यासाठी निदान जिल्ह्याच्या ठिकाणी एखादा हात तयार असलेला पाहिजेच.

आणि तोवर आईबाबांनी एक करा, मुलाचा सीटी सांगितला तर हे सोनोग्राफीवर भागेल का किंवा एमआरआय चालेल का एवढं बिनधास्त विचारा, चांगला डॉक्टर चिडत नाही. जुने एक्स-रे, सीडी, रिपोर्ट रद्दीत घालू नका, फाईल करून ठेवा. हाताचा जुना फोटो असेल तर वाढ कशी होतेय ते शेजारी ठेवून बघता येतं, आणि पुष्कळदा जुन्या फोटोत तीच सावली तशीच दिसली की पुढची तपासणीच रद्द होते.